घाटमाथ्यावरचं बिऱ्हाड

ऐन आषाढात कॅम्पर व्हॅन सह्याद्रीवर न्यायची नसते, असं ज्यांनी ज्यांनी आम्हांला बजावलं त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. रात्री उभं राहायला सपाट जागा, सांडपाणी ओतायची सोय, गाडीला लावायला विजेची तार, हे सगळं मिळणारच असं धरून ही गाडी बांधलेली असते. आपल्या घाटमाथ्यावर यातलं काही मिळालं तर नशीब. राज्य सरकारनं २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं खरं, पण धोरणानं उतार सपाट होत नाहीत. तरीही आम्ही निघालो, कारण मला पाऊस बघायचा नव्हता, पावसात राहायचं होतं. बघायला काय, दर रविवारी अर्धं पुणं घाटात असतंच.

गाडी भाड्याची होती. टेम्पो ट्रॅव्हलरची मागची आसनं काढून तिथं पलंग, ओटा, दोन शेगड्या आणि एक कपाटाएवढी मोरी बसवलेली. ओट्याखाली १०० लिटरची पाण्याची टाकी, टपावर सौर पॅनल. गाडीबरोबर चालक आला, जावळी खोऱ्यातला, चाळिशीचा, कमी बोलणारा. पहिल्या दिवशी त्यानं एकच अट घातली. "काका, गाडी कुठं उभी करायची ते मी ठरवणार. तुमी नजारा बगा, मी वरची दरड बगतो." ही अट मान्य करण्यासारखीच होती.

वाईत आम्ही पोहोचलो तेव्हा नुसती भुरभुर होती. गणपतीच्या देवळासमोर माणसं छत्री मिटून उभी होती. तिथून महाबळेश्वर ३२ किलोमीटर. पण या ३२ किलोमीटरांत पाऊस किती बदलतो, हे आकड्यांतच सांगायला हवं. वाईत वर्षाचा पाऊस हजार मिलिमीटरच्या आतच राहतो. महाबळेश्वरात तो साडेपाच हजारांच्या पुढे जातो. अरबी समुद्रावरून आलेलं ओलं वारं कोकणपट्टी ओलांडून सह्याद्रीच्या भिंतीशी येतं, पुढं जायला वाट नाही म्हणून वर चढतं, वर गार होतं आणि माथ्यावरच मोकळं होतं. पलीकडे उतरेपर्यंत त्याच्याकडे फारसं काही उरत नाही. भूगोलाच्या पुस्तकात हे आपण सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. पसरणी घाट चढताना ते काचेवर दिसतं. पहिल्या वळणांना वायपर मधूनमधून फिरत होता, पाचगणीत सतत फिरायला लागला आणि वेण्णा तलावाच्या अलीकडे तो फिरतोय की थांबलाय हेच कळेना.

पावसाळ्यातलं महाबळेश्वर हे दुसरंच गाव आहे. स्ट्रॉबेरीच्या पाट्या, घोडे, पॉइंटांवरची गर्दी, सगळं गायब. घरांच्या पश्चिमेच्या भिंतींना गवताच्या झड्या बांधलेल्या; ज्यांना गवत मिळालं नाही किंवा परवडलं नाही त्यांनी निळा प्लास्टिकचा कागद ताणलेला. भिंतीला रेनकोट घालावा लागतो असं हे गाव. दुकानदार अर्धं शटर ओढून आत बसलेले. त्यातल्या एकानं आम्हांला चहा दिला आणि गाडीकडे बोट दाखवून विचारलं, "गळते का?" नाही म्हटल्यावर म्हणाला, "गळंल." त्याचं भाकीत दुसऱ्या रात्री खरं ठरलं. टपावरच्या हवेच्या झडपेच्या रबरातून थेंब यायला लागला आणि तो नेमका उशीवर.

गाडीतल्या रात्रीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण जाहिरातींत ते कधीच नसतं. पत्र्याच्या टपावर पाऊस इतक्या जोरात वाजतो की शेजारी झोपलेल्या बायकोशी बोलायला आवाज चढवावा लागतो. खिडक्या बंद ठेवाव्यात तर आपल्याच श्वासाचं पाणी होऊन काचांवरून ओघळतं. उघडाव्यात तर ढग आत येतो. ढग आत येतो हे मी अलंकारिक लिहीत नाही. टॉर्च लावला की तो प्रकाशात फिरताना दिसतो आणि सकाळी वर्तमानपत्र फडक्यासारखं लोंबतं. कपडे वाळत नाहीत. टॉवेलला पहिल्याच दिवशी जो वास लागतो तो घरी येऊन दोनदा धुतल्याशिवाय जात नाही. आमच्या हिनं दोरी बांधून मोजे शेगडीवर टांगले, त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या पोह्यांना एक वेगळाच स्वाद होता. पण त्या आवाजाची कानाला सवय झाली की त्यातले प्रकार कळायला लागतात. सरळ पडणारा पाऊस, वाऱ्यानं फेकलेला पाऊस, आणि पाऊस थांबल्यावरही झाडांवरून तासभर पडत राहणारा पाऊस. दिवसा येऊन संध्याकाळी परतणाऱ्याला यातला पहिलाच माहीत असतो.

क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा देवळात दगडी गोमुखातून पाणी पडतं. पाच नद्या इथं एकत्र उगम पावतात अशी श्रद्धा आहे. श्रद्धेचं सोडा, नकाशा बघितला तरी थक्क व्हायला होतं. याच डोंगराच्या पश्चिम अंगाला पडलेला थेंब सावित्रीतून पोलादपूर, महाड करत शंभरेक किलोमीटरांत बाणकोटच्या खाडीला मिळतो. पूर्वेकडचा थेंब कृष्णेत पडला की वाई, कऱ्हाड, सांगली करत, कर्नाटक-तेलंगणातून जवळजवळ १४०० किलोमीटर चालत आंध्रात बंगालच्या उपसागराला भेटतो. दोन थेंबांत पडताना अंतर असतं हातभर. मी देवळाबाहेरच्या पाखाडीवर उभा राहून पायाशी फुटणारे पाण्याचे ओहोळ बघत होतो. एक डावीकडे, एक उजवीकडे. चालक मागून आला आणि म्हणाला, "काका, दोन्हीतलं आमच्या गावाला कायबी न्हाई." तेव्हा ते मी हसण्यावारी नेलं.

केळघर घाटानं मेढ्याला उतरलो, तिथून साताऱ्याला आणि मग उंब्रजवरून पाटणकडे. सडावाघापूरचं पठार वाटेतच पडतं म्हणून वर चढलो. इथला उलटा धबधबा सध्या फार गाजतोय. पठाराच्या कड्यावरून ओढा खाली झेपावतो आणि कड्याच्या तोंडावर आदळून वर येणारं वारं त्याला उचलून पुन्हा पठारावर फेकतं. पाणी खाली पडायचं नाकारतं, आपल्या अंगावर परत येतं. आजूबाजूला पवनचक्क्या ढगात हरवलेल्या, नुसता त्यांच्या पात्यांचा घुमणारा आवाज. पोरं मोबाइल उंच धरून उभी होती. दृश्य खरोखर विलक्षण आहे, त्यात वाद नाही.

पण त्या पठारावर माझ्या लक्षात राहिली ती एक आजी. कड्यापासून थोडं आत, रस्त्याकडेला पत्र्याचा आडोसा करून ती मक्याची कणसं भाजत होती. डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ. आम्ही आडोशाला शिरलो. धूर, भाजल्या कणसाचा वास आणि पत्र्याच्या कडेनं पडणारी पागोळ्यांची झालर. एका पागोळीखाली तिनं बादली ठेवलेली. बादली भरली की ती उचलून मागच्या पिंपात ओतायची आणि परत ठेवायची. बोलता बोलता, कणीस फिरवता फिरवता, तिचं ते चालूच होतं. एवढं पाणी चारी दिशांनी वाहत असताना ही बादली कशाला, असं बायकोनं विचारलं.

"सवय हाय बाई," आजी म्हणाली. "मे म्हैन्यात या. टँकरच्या मागं पळतो आमी."

मग तिनं आम्हांला तिचा झरा दाखवला. पठाराच्या बुडाशी जांभ्याच्या कपारीतून पाणी यायचं, त्याला अर्धा चिरलेला पाइप लावलेला. आता त्यातून मनगटाएवढी धार पडत होती. संक्रांतीपर्यंत ती करंगळीएवढी होते, होळीला थेंब थेंब, आणि पुढं फडकं ओलं होईल एवढंच. यात गूढ काही नाही. माथ्यावरच्या सच्छिद्र जांभ्यात थोडं पाणी मुरतं, तेच पुढे काही महिने झिरपत राहतं. त्याखालचा बेसॉल्टचा कातळ कठीण, माती वीतभर, उतार उभा. जून ते सप्टेंबर जे कोसळतं त्यातलं बहुतेक सगळं त्याच आठवड्यात खाली निघून जातं. देशातल्या सर्वांत ओल्या जागांमध्ये ज्यांची गणती होते त्या डोंगरांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात. महाबळेश्वर, जावळी, पाटण, कुठल्याही डोंगरी वाडीत विचारा.

निघताना मी उलट्या धबधब्याचा विषय काढला. पाणी वर जातं हे तिला लहानपणापासून माहीत असणार. ती म्हणाली, "वर जातंय म्हनून लोकं बगाय येत्यात. शेवटी खालीच जातंय की समदं."

त्या रात्री आमच्या गाडीनं तिचा मुद्दा पटवून दिला. सलग कित्येक दिवस ऊन नव्हतं. सौर पॅनल निकामी, बॅटरी संपली. आणि बॅटरी संपल्याबरोबर टाकीतलं पाणी नळाला चढवणारा छोटा पंपही बंद पडला. ओट्याखाली भरलेली टाकी, टपावर धो धो पाऊस आणि नळाला टिपूस नाही. चालकानं न बोलता टपाच्या कोपऱ्याखाली पातेलं लावलं आणि पाच मिनिटांत चहाचं आधण ठेवलं. त्याला हे सगळं अजिबात नवीन नव्हतं.

कोयनानगरला धरण बघायला थांबलो. शिवसागर जलाशयाची क्षमता १०५ टीएमसी, हा आकडा पावसाळ्यात मराठी वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला तोंडपाठ असतो. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटेचा भूकंपही इथल्या माणसांच्या बोलण्यात अजून येतो. मला मात्र या धरणाची खरी नवलाई वेगळीच वाटते. कोयना ही पूर्वेला जाणारी नदी. कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर ती कृष्णेला मिळते. पण धरणात अडवलेलं तिचं बरंचसं पाणी माणसानं डोंगराच्या पोटातून बोगदे काढून पश्चिमेला वळवलं. ते साडेचारशे मीटरहून अधिक खाली पोफळीच्या भूमिगत वीजगृहांत कोसळतं, वीज करतं आणि वाशिष्ठीत सोडलं जातं. १९९९ साली तर भरलेल्या जलाशयाला तळातून भोक पाडायचा अवघड प्रयोग, लेक टॅपिंग, आपल्या अभियंत्यांनी इथं यशस्वी केला. बंगालच्या उपसागराला जायला निघालेला थेंब अरबी समुद्रात गेला. जिथून आला होता तिथंच. चिपळूणची वाशिष्ठी मे महिन्यातही वाहती दिसते ती या पाण्यामुळे.

आमचा चालक पाण्याकडे पाठ करून चहा पीत होता. त्याच्या आजोबांचं गाव या जलाशयाच्या तळाशी आहे. धरण भरू लागलं तेव्हा भाऊकीतले काही जण रायगड, ठाणे, सोलापूरकडे पुनर्वसनात गेले. काही हटले नाहीत, पाणी चढेल तसे डोंगर चढत वर सरकले. याचं घर त्यांतलं. भातखाचरं पाण्याखाली गेली, वरच्या उतारावर नाचणी आणि वरी तेवढी उरली. "वीज इथली, पानी इथलं," तो म्हणाला, "आन् आमच्या वाडीत लाइट जाती ती चार-चार दिवस येत न्हाई." तक्रारीचा सूर नव्हता. कप खाली ठेवून तो टायरांची हवा बघायला गेला.

हेळवाकला पोहोचलो तर कुंभार्ली घाटात रेड अलर्ट. वाहनं थांबवलेली. ती रात्र एका ढाब्याच्या आवारात काढली. चालकानं तीनदा गाडी हलवली. आधी भिंतीच्या आडोशाला लावली होती, मग त्यानं भिंतीमागचा डोंगर टॉर्चनं न्याहाळला आणि गाडी उघड्यावर, वाऱ्यात आणली. मी कुरकुरलो. त्यानं मला घाटातल्या माणसाची शिकवणी दिली: सरळ वाढलेलं झाड अचानक कललेलं दिसलं, जमिनीला भेग दिसली, नितळ वाहणारा ओहोळ एकदम गढूळ झाला किंवा भर पावसात आटला, तर सामान गोळा करत बसायचं नाही. २२ जुलै २०२१ला चोवीस तासांत महाबळेश्वरात सहाशेच्या आसपास मिलिमीटर पाऊस पडला. वाईच्या वर्षभराच्या पावसातला निम्म्याहून अधिक, एका दिवसात. त्याच दिवसांत घाटाखाली महाडजवळचं तळिये दरडीखाली गेलं, घाटावर पाटण तालुक्यातली आंबेघर, मिरगाव, ढोकावळे ही गावं गाडली गेली, आणि चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी पहिल्या मजल्याला टेकलं. "आंबेघरला आमचं पावनं हुतं," एवढंच तो म्हणाला. मी पुढं विचारलं नाही. त्या रात्री टपावरचा पाऊस मी वेगळ्या कानांनी ऐकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी घाट उघडला. कोकणात उतरलो आणि कोकणातून आंबा घाटानं परत वर आलो. या टप्प्याबद्दल सांगण्यासारखं थोडंच. लावणी जोरात होती. चिखलणीला बैलांच्या जागी पॉवर टिलर दिसत होते, बायकांच्या पाठीवर इरल्यांऐवजी रंगीत प्लास्टिक. महामार्गाची कामं चालू होती आणि त्याविषयी न बोललेलंच बरं. जेवणात भाकरीची जागा भातानं घेतली, टाकळ्याची भाजी मिळाली, आणि एका खानावळीत कुळथाचं पिठलं असं मिळालं की त्यासाठी मी पुन्हा तो घाट उतरेन. वर आलो तेव्हा राधानगरी भरत आलं होतं. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेल्या या धरणाचे दरवाजे पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात. ते उघडले की खाली कोल्हापूरच्या पंचगंगा नदीकाठची माणसं सामान वर न्यायला लागतात. २०१९ आणि २०२१ साली कोल्हापूर-सांगलीत घरांत शिरलेलं पाणी इथून, या माथ्यावरूनच निघालं होतं. खालच्यांना पूर, वरच्यांना टँकर. पाऊस मात्र एकच.

आंबोलीत पोहोचलो तो रविवार होता. वर्षाला सात हजार मिलिमीटर पाऊस घेणारं हे गाव त्या दिवशी भजी, भुट्टे, स्पीकर आणि भिजलेल्या बनियनांनी भरून वाहत होतं. मुख्य धबधब्यापाशी पाय ठेवायला जागा नव्हती. दूर गाडी लावून आम्ही संध्याकाळपर्यंत आत बसून राहिलो. या गाडीचा मला कळलेला सर्वांत मोठा उपयोग हाच: गर्दी जाईपर्यंत थांबता येतं. अंधार पडला, शेवटची एसटी गेली, आणि बेडकांनी गाव ताब्यात घेतलं. किती प्रकारचे आवाज! काही टकटक करणारे, काही खर्जातले, एक तर थेट खिडकीच्या जाळीला चिकटून ओरडणारा, हिरवा, नखाएवढ्या डोळ्यांचा. बायकोनं त्याला उठवायचं नाही असं ठरवलं, म्हणून ती खिडकी रात्रभर उघडी राहिली आणि पांघरूण सादळलं.

सोमवारी सकाळी हिरण्यकेशीच्या उगमावर गेलो. गुहेतून येणारं पाणी, समोर कुंड. या कुंडात राहणाऱ्या माशाची नवी जात २०२० साली जगासमोर आली, तिला याच जागेचं नाव मिळालं. पुढच्या वर्षी सरकारनं हा परिसर जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केला. बोटभर मासा, सोनेरी झाक असलेला. त्याचं सगळं जग या एवढ्याशा पाण्यात. हे पाणीही इथं थांबत नाही. आंबोली सिंधुदुर्ग जिल्ह्यात, कोकणच्या काठावर, पण हिरण्यकेशी समुद्राकडे पाठ फिरवून आजरा, गडहिंग्लजला जाते आणि पुढं घटप्रभेतून कृष्णेला मिळते. म्हणजे महाबळेश्वरला आमच्या पायाशी फुटलेल्या उजव्या, कृष्णेकडच्या ओहोळाला ती कर्नाटकात कुठंतरी गाठणार. मासा तेवढा मागे राहतो.

गाडी परत देताना मालकानं विचारलं, पाण्याच्या पंपाचं काय झालं. चालकानं सांगितलं, ऊन नव्हतं. मालक म्हणाला, पावसाळ्यात ही तक्रार सगळेच करतात.

पावसाळी सहलींचे बेत आता घरोघरी शिजत असतील. जरूर जा, पण शनिवार-रविवार टाळा, दरडीखाली गाडी लावू नका, आणि सांडपाणी ओढ्यात ओतू नका, तो ओढा कुणाचं तरी पिण्याचं पाणी आहे. आणि एक विनंती. हाच रस्ता एकदा मे महिन्यातही करा. सडावाघापूरला, तापोळ्याकडच्या वाड्यांत, पाटणच्या डोंगरात. तेव्हा धबधबे नसतील, फोटो काढण्यासारखं फारसं काही नसेल. जाताना पाण्याची टाकी मात्र पुण्यातूनच भरून न्या. तिथल्या नळावर ती भरायला मागू नका.